खालाच्या गच्चीवरची करवंदं

भिवंडी,
ता. ८ मे १९७८

चि. चंद्रा हीस,

हौसाचे अनेक आशीर्वाद. मी इथे बरी आहे. तू, विहीणबाई गोदूबाई, नवशा आणि त्याची पोरंबाळं सगळी खुशाल असाल. पत्राला उशीर झाला. शाई संपली होती असं लिहिणार होते, पण तू हसशील. आपल्या घरात शाई कधी संपते? लिहिणारं माणूस एकच, आणि तेही चौथी शिकलेलं.

काल तुझा भाऊ नवशा येऊन गेला. गणेशपुरीहून एस.टी.ने आला बिचारा, मांडीवर करवंदांची पाटी घेऊन. वर पळसाची पानं दाबलेली. पाटी उघडली आणि सगळं घर वासानं भरलं. मी तशीच उभी राहिले. नवशाला वाटलं मला चक्कर आली, त्यानं पाटच सरकवला पुढे. चक्कर वगैरे काही नाही. अनंता गेल्यापासून या घरात करवंदाचा वास आला नव्हता, एवढंच.

अनंता पोटचा पोरगा माझा होता हे खरं, पण तुझा नवरा झाल्यावर तो जास्त हसायला लागला. ड्युटीला निघताना तुझ्या बरणीतली वाळलेली करवंदं मूठभर खिशात घालायचा. त्याच्या लूमच्या शेडमधले बाकीचे जॉबर तंबाखू मळायचे आणि हा करवंद चघळायचा. लूम दुरुस्त करताना तोंड रिकामं नको म्हणायचा. तू नसतीस तर तोही तंबाखूच मळत बसला असता.

तुला आठवतं ना, नवी आलीस तेव्हा सुकटीच्या वासानं नाकाला पदर लावून मोरीत जाऊन रडायचीस? मी शेजारच्या पुतळाबाईला म्हटलं, डोंगरातली मैना आणली आहे, खाडीचं खाणं हिला चालायचं नाही. मग पहिल्या वैशाखात तू करवंदं वाळत घातलीस आणि मी नाकानं कांदे सोलले, म्हटलं, ही काय वाळवायची वस्तू आहे? त्याच करवंदांची चटणी पुढे मी भाकरीबरोबर चोरून खात होते. ते तुला माहीत होतं. तू बोलली नाहीस.

नवशानं चहा घेताना आणखी एक गोष्ट सांगितली. खाली बघून सांगितली. तू सांगायला लावलं असशील, म्हणून इथे लिहून टाकते. तो म्हणाला, "मावशी, चंद्रासाठी सावळारामाचा विचार हाय. आश्रमाच्या वाटंवर नारल-फुलांचा दुकान हाय त्याचा. बायको बालंतपनात गेली, एक ल्हान पोर हाय. मानूस निवती हाय, शांत. पन चंद्रा बोलते, आईनी हो म्हटला तरच पाट लावीन, न्हायतर न्हाय. त्यांना पेरनीच्या आधी शबुद पायजे."

मी त्याला म्हटलं, चहा निवतोय, घे.

त्याबद्दल सवडीनं लिहीन. आधी करवंदांचं बघते. पाटीत काळी आहेत, तांबडी आहेत, गाभुळलेली आहेत, आणि ती काही माझ्यासाठी थांबणार नाहीत. एकटीनं किती खाणार? कालपासून चार वेळा तोंडात टाकली. एक फोडलं, आतून लाल निघालं. कोंबडा! असं खेळातल्यासारखं मोठ्यानं म्हणाले आणि मग बघितलं तर घरात ऐकायला कोणी नव्हतं.

कशी वाळवायची ते कळव. बघितलं आहे मी, पण बघणं वेगळं.

तुझी सासू,
हौसा

*

भिवंडी,
ता. १५ मे १९७८

चि. चंद्रा हीस, आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, पण जरा उशिरा. तोपर्यंत मी उद्योग करून बसले होते. रागावू नकोस, हसही नकोस. हस, चालेल.

आम्ही अंजूरच्या मिठागराकडची माणसं. आमच्या बापजाद्यांनी जे वाळवलं ते आधी मिठात पुरलं. मला वाटलं, करवंद काय आणि बोंबील काय, पाणी काढायचं आणि ऊन दाखवायचं. अर्धी पाटी मिठात थर देऊन दाबून ठेवली. सकाळी बघते तर करवंदं वितळून तांबडं पाणी झालेलं आणि वर सालं तरंगतायत. त्यातली जी वाचली ती मी अंगणात चटईवर टाकली. कुठली चटई, तर ज्यावर दरसाल सुकट घालतो ती. दुपारपर्यंत गल्लीतली सगळी मांजरं गोळा. करवंदाला मांजरं आलेली तू कधी बघितली आहेस का? पुतळाबाई पोट धरून हसली.

हसून झाल्यावर मात्र तिनं कमरेवर हात ठेवले. "हौसा, वर्स सरला न्हाय आन तू वालवान घालतंस? घरात मानूस गेला की पापड न्हाय, लोनचा न्हाय, वालवान न्हाय. तुना काय सांगायला पायजे?"

मला काय माहीत नाही? श्रावणापर्यंत आपल्या अंगणात काही वाळत पडायचं नाही. चैत्रात मी पापडसुद्धा लाटले नाहीत. पण पाटी दारात आली तेव्हा मला रीतभात आठवली नाही. एवढंच आठवलं की ही तुझ्या डोंगरातली आहेत आणि नासतील. चटई गुंडाळली. उरलेली अर्धी पाटी मांडीशी घेऊन उंबऱ्यावर बसले. कोणीतरी घेऊन जाईल म्हणून बसले होते, की कोणी नेऊ नये म्हणून, मलाच कळेना.

तेवढ्यात समोरच्या मोमिनांची खाला पाणी भरायला आली. काय झालं विचारलं. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की हमारे घर में साल भर सुखाने का नहीं चलता. तिनं हंडा खाली ठेवला. म्हणाली, "अरे तो मेरी छत पे डालो ना! मेरी छत को कौन सा सूतक है?"

पुतळाबाईनं कमरेवरचे हात काढले. अशी आपली करवंदं खालाच्या गच्चीवर चढली.

त्याच दिवशी तुझं पत्र आलं, म्हणून बाकीची तरी धड झाली. तू लिहिलंस तसं केलं. फुटलेली काळी बाजूला काढली, गाभुळलेली घेतली. पाण्यात ठेवून चीक जाऊ दिला. मग कढत पाण्यात नुसती बुडवून काढली, साल तडकेपर्यंत. तडकल्याशिवाय आतलं पाणी बाहेर येत नाही हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. मीठ फक्त चिमटीनं. मग फडक्यावर एकेक सुटं, एकाला दुसरं चिकटू न देता.

खालाच्या गच्चीला एकच खोड आहे. शेजारी लूमची शेड. झरोक्यांतून कापसाची पिंज सारखी उडत असते आणि ओल्या करवंदावर जाऊन बसते. पहिल्या दिवशी संध्याकाळी बघते तर सगळ्या करवंदांना म्हाताऱ्यासारखे पांढरे केस. एकेक पुसलं. दुसऱ्या दिवशी पेटीतून कापड काढलं, अनंतानं शेडमधून आणलेला तो बिनरंगाच्या विरळ ग्रे कापडाचा तुकडा. तू त्याची मच्छरदाणी शिवणार होतीस. तो वरून ताणून चार दगड ठेवले. आता ऊन लागतं आणि पिंज बसत नाही.

शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा पिंज उडत नाही. वाळवायला तो दिवस चांगला. पण शुक्रवार मला आवडेनासा झाला आहे. एरवी खडखडाट असतो त्यामुळे घरात माणसं नाहीत हे ध्यानात येत नाही. शुक्रवारी भिंतीवरची पाल चुकचुकली तरी ऐकू येतं. तू असताना शुक्रवारी आपण तिघं दुपारी पत्ते खेळायचो. अनंता पत्ते लपवायचा आणि तू मुद्दाम हरायचीस.

गुडघा दुखतो. गच्चीचे जिने चढवत नाहीत. कोणी हाताशी असतं तर बरं झालं असतं. ते असो.

तुझ्या पत्राच्या शेवटी तू एक ओळ लिहिली आहेस, 'आई, तुम्ही म्हणाल तसं.' ती वाचली. करवंदं वाळली की लिहिते.

तुझी सासू,
हौसा

*

भिवंडी,
ता. २४ मे १९७८

चि. चंद्रास,

आज आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, कारण जे देत नाही ते नुसतं लिहून काय उपयोग? तरी घे. अनेक आशीर्वाद.

काल नवशा पुन्हा आला होता. तुला त्यानं सांगितलं असेल की मावशी घरी नव्हत्या. मी होते. खालाच्या गच्चीवर बसून करवंदं उलटत होते. वरून मला त्याची टोपी दिसत होती. तो कडी वाजवत होता, हाका मारत होता, "मावशी, ओ मावशी!" मी मान खाली घातली आणि उलटलेलीच करवंदं पुन्हा उलटली.

खाला वर आली. "नीचे आपको कोई बुला रहा है."

मी म्हटलं, "बोलो, घर में कोई नहीं."

तिनं माझ्याकडे बघितलं. खालाचा एक पोरगा मुंबईत आहे, एक मालेगावला. ती म्हणाली, "घर में तो वैसे भी कोई नहीं है, हौसाबाई."

ती खाली गेली. नवशा दारात थोडा वेळ उभा राहिला, मग स्टँडकडे गेला. उन्हात एवढ्या लांबून आलेलं पोर, मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. सोयरं दारातून तहानलेलं परत गेलं. असं आमच्या अंजुरात कोणी दुश्मनाशी करत नाही.

मग मी तशीच बसले आणि माझ्या हातांकडे बघितलं. मांडीवर सूप, सुपात करवंदं, बोटं आपली निवडतायत. आणि मला हे हात ओळखीचे वाटले.

माझी सासू तू बघितली नाहीस. अनंता रांगत होता तेव्हा त्याचे वडील, तुझे सासरे केसरीनाथ, खाडीत होडी उलटून गेले. वर्ष झाल्यावर वळ गावचा एक माणूस पाट लावायला तयार झाला. मिठाच्या होड्या हाकायचा. अनंतासकट घेऊन जाईन म्हणाला होता. आपल्यात पाट लावण्यात काही वावगं नाही, सगळ्या गावानं लावले आहेत. माझा बाप लडकू हे विचारायला सासूकडे आला. सासू ओटीवर सुकट निवडत बसली होती. चंद्रा, तिनं हो म्हटलं नाही. पण तिनं नाहीसुद्धा म्हटलं नाही. सूप हलवत राहिली. बाप काही वेळ बसला, पाणी प्यायला, गेला. पुन्हा एकदा आला. पुन्हा सूप. तिसऱ्यांदा आला नाही. वळच्या माणसानं वाट बघितली आणि दुसरीकडे लग्न केलं.

नाही म्हणाली असती तर मी भांडले असते. तोंडाची काही कमी नव्हती मला, तू जाणतेस. पण न बोलणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं? लोक म्हणाले, म्हातारीनं सुनेला किती मायेनं धरून ठेवलं. माया होतीच तिची. मला गरम भाकर वाढायची. पण मी कधी तिला माफ केलं नाही आणि तिला ते कधी कळलंही नाही. तो माणूस अजून कधी भिवंडीच्या बाजारात दिसतो. नातवाचं बोट धरून असतो. मी भाजी बघते.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. अनंतालाही नाही. त्याला वाटलं असतं, आपल्यामुळे.

तेव्हा आता खरं लिहिते. गुडघा माझा ठणठणीत आहे. जिना मी दिवसातून पन्नास वेळा चढेन. कोणी हाताशी हवं म्हणून लिहिलं ते तुला ओढायला लिहिलं. मला तू परत हवी आहेस. अनंता नाही तर नाही, निदान तू, हे माझ्या मनात दिवसरात्र आहे. तू समोर बसून भाकरी थापतेस, मी चुलीत जळण सारते, असं मी डोळे उघडे ठेवून बघते. मूल झालं असतं तर तुला जाताच आलं नसतं, असाही विचार मी केला. देवानं दिलं नाही ते बरंच केलं, असं एका माणसानं तोंडावर म्हटलं होतं तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या होत्या.

पण चंद्रा, माझं वय सुपाला टेकलेलं आहे. तुझं नाही.

पत्र इथेच थांबवते. टपालात टाकीन की नाही ठाऊक नाही. टाकलं तर समज की माझ्यात थोडी हिंमत आली.

हौसा

*

भिवंडी,
ता. १ जून १९७८

चि. सौ. कां. चंद्रा हीस,

वरचं वाचून दचकू नकोस. हात चुकलेला नाही. मी पत्र लिहिताना पुतळाबाई शेजारीच बसली होती. तिला अक्षर ओळखता येत नाही, पण मी मोठ्यानं वाचते ना. ती म्हणाली, "पाटाच्या नवरीला सौभाग्यकांक्षिणी कोन लिवतो गो?" मी म्हटलं, मी लिहिते. तिनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "लिव. मंग लुगडा पन धाड." लुगडं मी आधीच काढून ठेवलं आहे, हिरवं.

तर हा माझा शब्द. हो. वर्ष सरलेलं नाही तरी, पेरणीच्या आधी. सावळारामाला आणि त्याच्या आईला कळव, आणि नवशाला सांग की मावशी त्या दिवशी घरीच होत्या आणि त्यांना लाज वाटते. तो पुढच्या खेपेला आला की मी त्याला जेवल्याशिवाय सोडणार नाही. बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकर. नाकाला पदर लावला तर बघ म्हणावं.

करवंदं झाली. काल हातात घेतली तर चामड्यासारखी, दाबलं तरी पाणी नाही. तू करतेस तशी झाली नाहीत. थोडी जास्त खारट आहेत, मिठाचा हात माझा काही जायचा नाही. आणि बारकाईनं बघितलंस तर एखाद्याला कापसाचा धागा सापडेल. खालाला एक ओंजळ दिली, पुतळाबाईला एक. तिला ती घरात न्यायची की नाही हा प्रश्न पडला, तोवर तोंडात टाकून झालं होतं. बाकीची सगळी तुझी. लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर काहीतरी वाळलेलं देतात ना, तशी दे‌ते आहे. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नाही आणि हेही मुळात तुझ्याच डोंगरातलं.

अनंताच्या ग्रे कापडात बांधून पाठवणार होते. कापड धुतलं, वाळवलं, घडी घातली, करवंदं त्यात ओतलीसुद्धा. मग वाटलं, नव्या घरी ते नको. तू ते रोज बघशील आणि तो सावळाराम तुला बघताना बघेल. बिचाऱ्यानं काय केलं आहे? करवंदं काढून नव्या पिशवीत भरली. पिशवी खालानं शिवून दिली. ग्रे कापड माझ्यापाशी राहू दे. मी रात्री उशाला घेईन, तू विसरायला लाग. एकदम नाही, हळूहळू.

सावळारामाच्या पोरीवर माया कर. पोरगी म्हणून कर, उपकार म्हणून नको. रडली तर करवंद दे चघळायला, काहीतरी चघळायला दिलं की अनंता लहानपणी गप्प व्हायचा. पुढच्या वैशाखात तिला घेऊन ये. ताजी पाटी आण. तोवर आपल्या घरचंही वर्ष सरलेलं असेल, अंगणात घालू. तिला कोंबडा की कोंबडी खेळायला शिकवीन मी. मला खेळायला कोणीतरी हवं आहे.

श्रावणात अनंताचं वर्ष आहे. तू येऊ नकोस. तेव्हा तू नवी नवरी असशील, यायचं नसतं. मी करीन सगळं. खाला म्हणाली आहे की ती दारात येऊन बसेल.

उद्या शुक्रवार. लूम बंद. गच्चीवर आता काही नाही, जिना चढायचं कारणही नाही. तरी मी जाईन म्हणते. खाला चहा करते आणि आम्ही नुसत्या बसतो. तिचं मराठी सुधारतं आहे, माझं हिंदी नाही.

खाली 'तुझी सासू' लिहायला गेले आणि थांबले. ते आता सावळारामाच्या आईनं लिहायचं, तिचा मान आहे. तू घरात आल्यापासून मला आई म्हणत आलीस. सासूला म्हणतात तसं म्हणत होतीस, मी तसंच घेत होते. आता सासू राहिले नाही. जे उरलं तेवढं लिहिते.

तुझी आई,
हौसा